खेळ मुलांचा, हट्ट आईबापांचा

गेल्या हिवाळ्यात सीमाभागातील एका गावी चर्चच्या सणानिमित्त भरलेले मुलांचे क्रीडासामने पाहण्याचा योग आम्हांस आला. मैदान म्हणजे भातकापणी झालेले एक शेत. फक्कीने आखलेल्या सहा पट्ट्या, टेबलावर ओळीने मांडलेले लहानमोठे कप आणि बांधावर बसलेली सारी गावकरी मंडळी, असा तो थाट होता. दहा ते बारा वर्षांच्या मुलांची शंभर मीटरची शर्यत लागली. तीत एक काटकुळा मुलगा दुसरा आला. बक्षीस हाती पडताच तो धापा टाकीत, हसत हसत आपल्या बापाकडे धावला. बापाने कप हाती घेतला, एकवार फिरवून पाहिला आणि म्हटले, "दुसरा आलास होय? शेवटी मान वळवून मागे बघितलंस, तिथंच गेलास. आता हा कप घरी नेऊन कुणाला दाखवायचा?"

मुलाच्या तोंडावरचे हसू तेथेच मावळले. घटकाभराने आम्ही पाहिले, तो त्याने तो कप आपल्या सदऱ्याखाली लपविला होता.

येथे वाचकांनी घाईने त्या बापाला दोष देऊ नये. चौकशी करता कळले, की हा गृहस्थ रोज पहाटे पाच वाजता उठतो, मुलगा रस्त्याने धावतो तेव्हा बॅटरी घेऊन सायकलवरून त्याच्या मागे जातो आणि घरच्या एकुलत्या एका म्हशीचे दूध डेअरीला घालण्यापूर्वी मुलासाठी तांब्याभर बाजूला काढतो. मुलावर त्याचे प्रेम नाही असे कोण म्हणेल? तथापि त्या दिवशी ते प्रेम मुलाच्या दृष्टीस पडले नाही. त्याच्या दृष्टीस पडला तो आपला दुसरा नंबर.

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. सणाचा दिवस, माणसे परकी, आपण कशाला मध्ये पडा, असे मनाशी म्हणून गप्प राहिलो. खरे सांगावयाचे तर टाळ्या वाजविताना आम्हीही पहिल्या मुलाकडेच पाहत होतो. जे तेथे बोलावयास हवे होते, ते आज येथे लिहीत आहो.

दहा लाख चेंडू

आंद्रे अगासी हे नाव टेनिस न खेळणाऱ्यांनीही ऐकले असेल. त्याचा बाप माईक अगासी हा मूळचा इराणचा. १९४८ आणि १९५२ या दोन ऑलिंपिकांत तो इराणतर्फे मुष्टियुद्ध खेळला. पुढे तो अमेरिकेत गेला आणि लास व्हेगास या शहरी एका जुगारगृहात नोकरी करू लागला. आपल्या मुलांपैकी एकाला तरी टेनिसमध्ये जगात पहिला करावयाचे, असा त्याने निश्चय केला होता. आंद्रे पाळण्यात असतानाच बापाने त्याच्या डोक्यावर चेंडू टांगले आणि त्याच्या हाताला छोटी बॅट बांधली. घर घेतले ते अंगणात टेनिसचे कोर्ट मावते हे पाहून. चेंडू फेकणारे एक यंत्र त्याने स्वतः फेरफार करून असे बनविले, की त्यातून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने चेंडू सुटत. सात वर्षांचा आंद्रे त्या यंत्राला राक्षसी सर्प म्हणे. बापाचा हिशेब सोपा होता: रोज अडीच हजार चेंडू, आठवड्याला साडेसतरा हजार, म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा लाख. जो मुलगा वर्षाला दहा लाख चेंडू मारील त्याला कोण हरवू शकेल?

हिशेब खरा ठरला असे कोणी म्हणेल. आंद्रेने १९९२ साली विम्बल्डन जिंकले, १९९५ साली तो जगात पहिला झाला आणि एकूण आठ मोठी अजिंक्यपदे त्याने मिळविली. परंतु निवृत्तीनंतर २००९ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात लिहिले, की मला टेनिसचा प्रथमपासून मनस्वी तिटकारा होता. ज्या खेळाने त्याला धन, मान आणि कीर्ती दिली तो खेळ त्याने स्वतः कधी निवडलाच नव्हता. १९९७ साली तो १४१ व्या क्रमांकापर्यंत घसरला आणि त्याच सुमारास मादक द्रव्याच्याही नादी लागला, हेही त्याने लपविलेले नाही. तेथून तो पुन्हा उठला आणि १९९९ साली फ्रेंच अजिंक्यपद जिंकून चारही मोठ्या स्पर्धांचा विजेता झाला. परंतु हे उठणे त्याचे स्वतःचे होते. ते बापाच्या यंत्रातून निघालेले नव्हते.

त्या पुस्तकातील एक प्रसंग आम्हांस विशेष लागला. विम्बल्डनची अंतिम लढत पाच सेटपर्यंत गेली होती. विजयानंतर आंद्रेने घरी बापाला फोन केला. बावीस वर्षांचा मुलगा आयुष्यातील सर्वांत मोठा विजय मिळवून बापाच्या शब्दाची वाट पाहत होता. बाप म्हणाला काय, तर चौथा सेट तू हरावयास नको होतास. त्यानंतर फोनवर काही वेळ शांतता पसरली, आणि मुलाला बाप मुसमुसत असल्याचे ऐकू आले. बापाला अभिमान वाटत होता, तो रडत होता, परंतु ते सांगण्यास त्याच्यापाशी शब्द नव्हते. शेतातल्या त्या बापाची आम्हांस येथे आठवण होते.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. आंद्रेच्या थोरल्या भावंडांवरही बापाने हाच प्रयोग केला होता. त्यांतील कोणी जगज्जेता झाला नाही. यशस्वी झालेल्या एका मुलाचे नाव जगाला ठाऊक असते. त्याच घरात, त्याच कष्टांतून गेलेल्या इतरांना कोण विचारतो? कडक बापामुळेच पोरे घडतात असे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा हिशेबही मांडून पाहावा.

हरलेल्या मुलीने निजावे कोठे?

येलेना डोकिच हिचा जन्म १९८३ साली त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील ओसियेक या गावी झाला. युद्धामुळे घर सोडून हे कुटुंब १९९४ साली ऑस्ट्रेलियात आले. परका देश, परकी भाषा, खिशात पैसा नाही. अशा वेळी मुलीच्या हातातील रॅकेट हाच त्या कुटुंबाचा आधार झाला. १९९९ साली सोळा वर्षांच्या येलेनाने विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत त्या वेळी जगात पहिली असलेल्या मार्टिना हिंगिसला हरविले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे गेले.

पुढच्या वर्षी ती विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोचली. सतरा वर्षांची मुलगी जगातील पहिल्या चौघींत आली होती. तेथे ती हरली. तिने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की त्या दिवशी बाप दामिर डोकिच फोनवर इतका संतापला, की हॉटेलात परत येऊ नकोस असे त्याने बजावले. निजावयास दुसरी जागा नव्हती. रात्री खेळाडूंच्या विश्रांतिगृहात ती एका कोचावर लपून पडली असता झाडलोट करणाऱ्या बाईच्या दृष्टीस पडली. बाप आपल्याला चामड्याच्या पट्ट्याने मारीत असे, हेही तिने त्या पुस्तकात सांगितले आहे. दोन वर्षांनी, २००२ साली, ती जगात चौथी झाली. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे झळकत होती, आणि त्या छायाचित्रांमागे काय चालले आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते.

आईबापहो, या प्रसंगाचा विचार करा. जगाने जिला आपल्या चार उत्तम खेळाडूंत गणले, तिला त्या रात्री घर नव्हते. मैदानावर हार-जीत ही व्हावयाचीच. दोघांपैकी एक हरणार हे ठरलेलेच असते. परंतु हरलेल्याला घर आहे की नाही, हे आईबाप ठरवितात.

नियम कोठवर पुरतो?

असे प्रकार वाढू लागले तेव्हा टेनिसच्या चालकांना नियम करणे भाग पडले. मेरी पिअर्स या खेळाडूचा बाप जिम पिअर्स प्रेक्षकांत बसून आरडाओरडा व शिवीगाळ करी. १९९३ साली त्याला फ्रेंच स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले आणि मग स्त्रियांच्या सर्व व्यावसायिक स्पर्धांना येण्याची बंदी झाली. खेळाडूचे नातलग व शिक्षक यांच्या गैरवर्तनाविरुद्धचा नियम पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मेरीने १९९५ साली ऑस्ट्रेलियन आणि २००० साली फ्रेंच अजिंक्यपद मिळविले.

दुसरा नियम वयाचा. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाटी १९९० साली, चौदावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, व्यावसायिक खेळाडू झाली आणि त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेली. १९९२ साली सोळाव्या वर्षी तिने बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. १९९३ साली अमेरिकन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरल्यावर मात्र तिने खेळ टाकून दिला आणि पुढील काही महिन्यांत तिचे नाव खेळाच्या पानावरून पोलिसांच्या बातम्यांत गेले. १९९४ साली टेनिसच्या चालकांनी ठरविले, की चौदा वर्षांखालील मुलीने व्यावसायिक स्पर्धेत उतरू नये आणि चौदा ते अठरा या वयात वर्षाकाठी ठराविकच स्पर्धा खेळाव्या. हे नियम योग्यच झाले. जेनिफर पुढे परतली, २००१ साली तिने दोन मोठी अजिंक्यपदे जिंकली आणि ती जगात पहिली झाली, हे येथे आनंदाने नमूद केले पाहिजे.

परंतु नियमाची धाव मैदानाच्या कुंपणापर्यंत. घरच्या ताटावर मुलाला जे ऐकावे लागते, मोटारीत किंवा बैलगाडीत परत येताना जे बोलले जाते, तेथे कोणता पंच बसणार?

मुलाच्या गुणांवर आपली किंमत

हे वेड कोणत्या थराला जाऊ शकते याचे एक उदाहरण फ्रान्समध्ये घडले. क्रिस्तोफ फोव्हियो हा लष्करातून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याचा मुलगा व मुलगी दोघेही टेनिस खेळत. सन २००० ते २००३ या काळात तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पाण्याच्या बाटल्यांत गुपचूप झोपेचे औषध मिसळीत असे. मुलांना याची काहीच कल्पना नव्हती. २००३ च्या जुलैत त्याच्या मुलाशी सामना खेळून एक पंचवीस वर्षांचा तरुण शिक्षक मोटार हाकीत घरी निघाला. वाटेत त्याला गुंगी आली, मोटार रस्ता सोडून गेली आणि तो जागीच गतप्राण झाला. त्याच्या शरीरात ते औषध सापडले. २००६ साली न्यायालयाने फोव्हियोला आठ वर्षांची शिक्षा दिली.

हा मनुष्य दरोडेखोर नव्हता. मुलांना घेऊन गावोगावच्या स्पर्धांना जाणारा, चारचौघांसारखा बाप होता. न्यायालयात त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की माझी मुले कशी खेळतात यावरून लोक माझी किंमत करीत आहेत, असे मला सतत वाटत असे. सगळ्या रोगाचे मूळ आम्हांस येथे दिसते. मुलाचा नंबर हा आपला नंबर, मुलाची हार ही आपली बेअब्रू, असे एकदा मनाने घेतले म्हणजे मूल हे मूल राहत नाही. ते आपल्या मोठेपणाचे साधन होते.

असे पाप आपल्याकडे कोण करणार, असे कोणी म्हणेल. बाटलीत औषध घालणारा लाखांत एखादा. पण शेजाऱ्याच्या मुलाला ताप आला हे ऐकून, उद्या आपल्या मुलाचा मार्ग मोकळा झाला, असे ज्याच्या मनात क्षणभरही आले, त्याने हा रस्ता कोणीकडे जातो हे ओळखून ठेवावे.

आपल्या घरची गोष्ट

आपल्या देशात टेनिसची कोर्टे थोडी, पण क्रिकेटच्या बॅटी घरोघर आहेत. युवराजसिंग या प्रसिद्ध खेळाडूला लहानपणी चाकांच्या बुटांवर स्केटिंग करण्याची आवड होती आणि त्यात त्याने राष्ट्रीय स्पर्धेत चौदा वर्षांखालील पदकही मिळविले होते. वडील योगराजसिंग स्वतः भारताकडून कसोटी खेळलेले. त्यांनी ते पदक फेकून दिले आणि यापुढे फक्त क्रिकेट, असे बजावले. २०११ च्या विश्वचषकात युवराज सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणून ही गोष्ट आज कौतुकाने सांगितली जाते. तो संघात आला नसता तर ती कशी सांगितली गेली असती?

क्रिकेटमध्ये आणखी एक रोग आहे, तो वय चोरण्याचा. सोळा वर्षांखालील संघात मुलाला घुसविण्यासाठी जन्माचा दाखला बदलला जातो. हा प्रकार इतका वाढला, की क्रिकेट मंडळाला मुलांच्या मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करून वय ठरवावे लागते, आणि २०२० साली मंडळाने, जे आपण होऊन खरे वय सांगतील त्यांना माफी देऊ, असे जाहीर केले. राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत दिलेल्या पतौडी स्मृती व्याख्यानात या गोष्टीवर कडक शब्दांत टीका केली होती. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा, की दाखला बदलणारा बाप वा शिक्षक मुलाला खेळ शिकविण्यापूर्वी फसवणूक शिकवितो. आपल्या चर्चच्या नोंदवहीत मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख शाईने लिहिलेली असते. त्या दिवशी आईबापांनी त्याला हातांवर घेऊन जे वचन दिले, त्यात खोटे वय सांगण्याचे वचन नव्हते.

आणि ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, बुधिया सिंग याला विसरून चालणार नाही. २ मे २००६ रोजी चार वर्षांचा हा मुलगा पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने पासष्ट किलोमीटर, सात तास दोन मिनिटे, उन्हात धावला. बाप वारलेला आणि आई अत्यंत गरीब. सांभाळणारा होता तो त्याचा शिक्षक. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवीत होते. पुढे सरकारी बालकल्याण अधिकाऱ्यांनी त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांत आपण असतो तर आपण थांबविले असते काय? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

मग शिस्त नको काय?

येथे काही वाचक रागावून म्हणतील, तर मग पोरांना मोकाट सोडावयाचे काय? कष्टावाचून कोण मोठा झाला आहे? हा प्रश्न रास्त आहे.

सचिन तेंडुलकरचे उदाहरण पाहा. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. घरात वाङ्मयाचे वातावरण, परंतु मुलाने कवी व्हावे असा हट्ट त्यांनी धरला नाही. थोरला भाऊ अजित याने धाकट्याला १९८४ साली शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेले. सरांची शिस्त कडक होती. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून, बाद न झाल्यास ते तुझे, अशी त्यांची पद्धत. दिवसातून दोन-दोन सामने खेळविण्यासाठी ते या मुलाला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानाहून दुसऱ्या मैदानावर नेत. पण संध्याकाळी घरी आल्यावर तेथे दुसरे आचरेकर सर बसलेले नसत. तेथे बाप होता. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोप घेताना सचिनने सांगितले, की अकराव्या वर्षी वडिलांनी मला मोकळीक दिली; स्वप्नांच्या मागे जा, पण आडवाटेने जाऊ नकोस, आणि आधी चांगला माणूस हो, एवढेच त्यांचे सांगणे होते.

म्हणजे शिस्त आणि दडपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिस्त मुलाला सांगते, की रोज वेळेवर ये आणि मन लावून सराव कर. दडपण सांगते, की जिंकलास तरच तू माझा. पहिल्या गोष्टीने मुलाचे अंग आणि मन दोन्ही बळकट होतात. दुसरीने अंग कदाचित होत असेल, पण मन पोखरले जाते.

महत्त्वाकांक्षी बापही शहाणा असू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांचा बाप रिचर्ड विल्यम्स याने मुली जन्मण्यापूर्वीच त्यांना टेनिसपटू करण्याचा अठ्ठ्याहत्तर पानांचा आराखडा लिहिला होता. कॉम्प्टन नावाच्या गरीब वस्तीतील फुटक्या कोर्टांवर त्याने त्यांना शिकविले. परंतु १९९१ च्या सुमारास, सेरेना दहा वर्षांची असताना, त्याने दोघींना मुलांच्या मोठ्या स्पर्धांतून काढून घेतले. त्या स्पर्धांतील आईबापांचे वागणे त्याला पसंत नव्हते आणि मुलींचे शिक्षण मागे पडू नये असे त्याला वाटत होते. लोकांनी त्याला वेड्यात काढले. सेरेना पुढे एकेरीची तेवीस मोठी अजिंक्यपदे जिंकली. त्या बापाच्या सगळ्याच गोष्टी अनुकरणीय होत्या असे आमचे म्हणणे नाही. तथापि कोठे थांबावे हे त्याला समजले, हे खरे.

गरिबाच्या आशेचे काय?

आमच्या खेड्यांत खेळाकडे केवळ हौस म्हणून पाहिले जात नाही, हे आम्ही जाणतो. रेल्वेत, पोलिसांत, लष्करात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. एका मुलाला तशी नोकरी लागली तर घरावर कौले चढतात, बहिणीचे लग्न होते, सावकाराचे कर्ज फिटते. अशा बापाने मुलाच्या पायांकडे आशेने पाहिले तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. पण घराचे सारे कर्ज दहा वर्षांच्या पोराच्या पोटऱ्यांवर लादणे हाही अन्यायच. त्याला ते ओझे दिसते. आईने विकलेली बांगडी त्याच्या लक्षात येते. मग पाय दुखला तरी तो सांगत नाही.

याबाबतीत कल्याणच्या एका रिक्षावाल्या बापाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडमधील एका शाळकरी मुलाने केलेला ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. मुंबईच्या क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पण त्यानंतर प्रत्येक सामन्यात लोक त्याच्याकडून हजारच मागू लागले, आणि त्याचा खेळ उतरला. २०१७ साली बापाने संघटनेला पत्र लिहून कळविले, की मुलाचा खेळ पूर्वीसारखा होत नाही, तरी शिष्यवृत्ती बंद करावी. रिक्षावाल्याला महिन्याचे दहा हजार रुपये जड नव्हते! तरी त्याने ते नाकारले. खोटा मान मुलाच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा तो उतरविलेला बरा, हे त्याने कृतीने सांगितले.

काय करावे?

वैद्यशास्त्र या विषयात स्पष्ट बोलते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ भाग असतो आणि तेथूनच हाड वाढते. एकच हालचाल हजारो वेळा केली तर तेथे इजा होते. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लहान वयाच्या वेगवान गोलंदाजांनी एका दिवशी किती षटके टाकावी याची मर्यादा ठरवून दिली आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली असा सल्ला दिला, की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्यातून एक-दोन दिवस त्याला पूर्ण विश्रांती द्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून मोकळे ठेवावे. आपले आजोबा झाडावर चढत, विहिरीत पोहत, विटीदांडू आणि हुतुतू खेळत. त्यांना कोणी सल्ला दिला नव्हता, पण त्यांच्या अंगाचा प्रत्येक सांधा आपापल्या पाळीने काम करी.

मनाची लक्षणे आईने ओळखावी. सामन्याच्या दिवशी सकाळीच पोट दुखणे, जेवण न जाणे, झोपेत दचकणे, इजा लपविणे, पूर्वी आवडणाऱ्या खेळाला जाण्यास टाळाटाळ करणे, हे आळसाचे प्रकार आहेत असे समजू नये. मुलाला जवळ बसवून विचारावे, "बाळा, तुला हे खेळावंसं वाटतं का? नको असेल तर तसं सांग, आम्ही रागावणार नाही." आणि त्याने नको म्हटले तर खरोखरच रागावू नये. दिलेला शब्द मोडला तर पुढच्या खेपेला मूल खरे सांगणार नाही.

सामना संपल्यावर घरी येईपर्यंत चुकांची उजळणी करू नये. चुका शिक्षकाने सांगाव्या. ते त्याचे काम आहे. बापाने भूक लागली का ते विचारावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. मैदानाच्या कडेला उभे राहून पंचाशी भांडू नये, कारण त्या भांडणाची लाज मुलाला वाटते. शाळा सोडून खेळ करू देऊ नये, कारण पायाला एक दुखापत झाली तर खेळ संपतो, शिक्षण संपत नाही.

संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात मुलांना आज्ञापालन सांगितले आणि लगेच बापांकडे वळून, मुलांना इतके चिडवू नका की ती खचून जातील, अशा अर्थाचा उपदेश केला. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत. आपण मात्र पहिले पाठ करून घेतो आणि दुसऱ्यावरून नजर फिरवितो.

यंदाही त्या गावी सणाला सामने भरतील आणि शक्य झाले तर आम्ही जाऊ. तो मुलगा पहिला येईल, तिसरा येईल, कदाचित शेवटचाही येईल. तो कितवा आला हे पाहण्याआधी आम्ही त्याच्या बापाशेजारी बांधावर जाऊन बसणार आहो. गेल्या वर्षी जे बोललो नाही ते बोलू. "पहाटे पाचला उठून तुम्ही त्याच्या मागे सायकलवरून जाता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. एकदा त्यालाही सांगा, की तुला धावताना पाहिलं की मला बरं वाटतं." एवढेच सांगावयाचे आहे. आणि मुलाला म्हणू, "बाळ, गेल्या वर्षीचा तो कप आहे ना रे घरी? आण बघू, आम्हांला नीट बघायचा आहे."